पावसाळा सरताना ठाणे-नवी मुंबईतले पक्षी : अनुभव धागा

भाद्रपद लागला की उत्तरेकडचे पाहुणे खाडीत उतरू लागतात. कुठे काय दिसतंय, ओळखताना कुठे फसायला होतं, ते लिहा. नुसती नावं नकोत.

खाडीकाठ : आधी भरतीचं कोष्टक काढा. ओहोटीला चिखल उघडा पडतो, पक्षी दूरवर पांगतात आणि दुर्बिणीत नुसते ठिपके दिसतात. भरतीच्या दोन तास आधी काठावर बसा. पाणी चढेल तसा चिखलाचा पट्टा आक्रसतो आणि पक्षी आपसूक जवळ येतात. पूर्ण भरतीला ते सीवूड्सच्या डीपीएस तळ्यासारख्या उथळ जागी सरकतात. भरती रोज साधारण ५० मिनिटं पुढे जाते, म्हणजे आठवड्यात जवळपास सहा तास. या रविवारी सकाळी आठला भरती असेल, तर पुढच्या रविवारी आठला ओहोटी. कोष्टक मुंबई बंदराचं असेल, तर ऐरोलीला पाणी त्याहून थोडं उशिरा चढतं हेही धरा.

ऐरोलीकर : वर सांगितलंय त्यात उजेडाची भर घालतो. नवी मुंबईचा काठ पश्चिमेकडे तोंड करून आहे. सकाळी ऊन पाठीशी, पायांचे रंगसुद्धा स्वच्छ दिसतात. संध्याकाळी सगळे पक्षी काळे! संध्याकाळची भरती असेल तर पलीकडचा भांडुपचा काठ बरा. ऑक्टोबरात दहानंतर चिखलावर हवा थरथरते, मग स्कोपचं (तिपाईवरच्या एकनळी दुर्बिणीचं) झूम वाढवून उपयोग नाही. २०-२५ पटींवरच ठेवा.

चिखल्या : ऑगस्ट-सप्टेंबरात पुस्तकातल्या हिवाळी चित्रावर विसंबू नका. चिखलात चरणाऱ्या छोट्या पक्ष्यांपैकी लेसर सँड प्लोव्हरच्या छातीवर विणीचा नारिंगी पट्टा अजून असतो, कर्ल्यू सँडपायपर पोटाला विटकरी ठिगळं घेऊन येतो. पट्टा गेला की सँड प्लोव्हर आणि केंटिश प्लोव्हर यांचा घोळ सुरू. तेव्हा मान बघा : केंटिशला मागून पांढरी कॉलर, सँड प्लोव्हरला नाही. वुड सँडपायपरची भुवई डोळ्याच्या बरीच मागेपर्यंत जाते, पाय पिवळट. ग्रीन सँडपायपर उडाला की पंखाखाली काळपट आणि कमरेला लख्ख पांढरा. कॉमन सँडपायपरचं तर सोपं, खांद्यापुढे पांढरी पाचर आणि शेपटी सतत खालीवर.

नवखी : आणि फ्लेमिंगो?

खाडीकाठ : ताई, पावसाळ्यात मागे राहिलेले थोडे दिसतील. मोठे थवे साधारण नोव्हेंबरपासून.

येऊरवाला : इकडे ठाण्याच्या येऊर जंगलात ओढ्याकाठी करडा धोबी सप्टेंबरात हजर होतो. पोट पिवळं म्हणून लोक पिवळा धोबी लिहून मोकळे होतात. पाठ राखाडी, शेपटी जास्त लांब आणि पाय फिकट गुलाबी असतील तर करडाच. पिवळ्या धोब्याचे पाय काळे.

चिखल्या : ई-बर्डवर (पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर) नोंद करताना थव्यापुढे एक्स, म्हणजे 'दिसले पण मोजले नाहीत', टाकू नका. दुर्बिणीतून दहा पक्षी नीट मोजा, तेवढी जागा डोळ्यांत धरा आणि थव्यावर ती किती वेळा बसते ते पाहा. पाणी चढत असताना थवा हलतो, तेव्हा मोजणी तो बसल्या बसल्या उरका.