हौद लख्ख धुतला आणि तिसऱ्या दिवशी मासे वर आले

अंगणातली लिली: नमस्कार मंडळी. नाशिकला अंगणात आमचा सिमेंटचा हौद आहे, ६ बाय ४ फूट, २ फूट खोल, पाणी साधारण १३०० लिटर. आठ गोल्डफिश आणि कुंडीत वॉटर लिली. दिवाळीच्या साफसफाईत मी हौदही काढला. सगळं पाणी उपसलं, कडांचं शेवाळ काथ्याने घासलं, फिल्टरचे दोन्ही स्पंज नळाखाली धरून स्वच्छ पाणी निघेपर्यंत पिळले. दोन दिवस तळाचा खडा न् खडा दिसत होता. आज सकाळपासून मासे वर येऊन तोंडाची उघडझाप करताहेत, एक गेलासुद्धा. लेक रडून रडून झोपली. काय चुकलं?

जुना हौद: ताई, आधी उपाय. खाणं तीन दिवस बंद. पंपाचं तोंड वर करा, पाणी धारेने पडू दे. टिपात कालचं पाणी असेल तर पाव हौद बदला. नळाचंच घालायचं तर मासेवाल्या दुकानातला हायपो (क्लोरीन घालवणारं औषध) टाकून.

आता कारण. स्पंजमधला तो तपकिरी, बुळबुळीत थर म्हणजे नुसती घाण नव्हे हो! माशांच्या अंगातून अमोनिया निघतो, तो त्यांनाच विषारी. त्या थरातले जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, तेही विषारीच, मग नायट्रेट, ते फारसं बाधत नाही. नळाच्या क्लोरीनने ते मेले, कडांवरचे काथ्याने गेले. पुन्हा जम बसायला महिना-दीड महिना लागतो. पहिल्या वर्षी माझे चार कोई असेच गेले, अजून जीव हळहळतो. तेव्हापासून हौदाचंच पाणी बादलीत घेतो, स्पंज त्यात दोनदा दाबतो, बस. तेही एका वेळी एकच, दुसरा तीन आठवड्यांनी. बादलीतलं पाणी गुलाबाला.

गप्पी: कुणाच्या चालू, निरोगी हौदातला मळका स्पंज मिळाला तर तुमच्या फिल्टरमध्ये ठेवा, जिवाणू आयते मिळतील. नायट्राइटचा माशांना त्रास कमी व्हावा म्हणून जाडं मीठ, लिटरला १ ग्रॅम, म्हणजे तुम्हाला १.३ किलो. विरघळवून, दोन दिवसांत थोडं थोडं घाला.

अंगणातली लिली: मनापासून आभार. पंप वर केला, टिपातलं पाणी घातलं. मिठाने लिली जळेल का?

जुना हौद: एवढ्याने नाही. पण मीठ उडून जात नाही, पाणी बदलाल तेवढंच कमी होतं. म्हणून पुन्हा पुन्हा घालू नका. रात्री पंप बंद करू नका हं.