आवड आहे हो, वेळ कुठाय?
‘नर्सिंगच्या प्राध्यापकांना संशोधनाची आवडच नसते’ असं म्हणतात, ते काही पटलं नाही. मी स्वतः नर्सिंग कॉलेजात शिकवणारी व्यक्ती; पीएचडीनंतरचा माझा एक संशोधन-पेपर दोन वर्षं लॅपटॉपमध्येच पडून होता. सकाळी ७ ला विद्यार्थिनींना घेऊन वॉर्डात, दुपारी लेक्चर, मग केस बुकं (विद्यार्थिनींच्या रुग्णांविषयीच्या नोंदवह्या) तपासायची; त्यात कॉलेजचं इन्स्पेक्शन लागलं की महिनाभर नुसत्या फायली. नर्सिंग शिक्षणाचे निकष ठरवणाऱ्या इंडियन नर्सिंग कौन्सिलचं प्रमाण १० विद्यार्थ्यांमागे १ शिक्षक, पण पदं रिकामी राहिली की ते कागदावरच. एमएस्सीचे प्रबंध दरवर्षी होतात, बाइंडिंग होऊन कपाटात जातात. माझा पेपर अखेर निघाला तो संख्याशास्त्राच्या मॅडम शेजारच्या खोलीत बसायला आल्या आणि आकडेवारीत त्यांची मदत झाली म्हणून. बढती मात्र सेवाज्येष्ठतेनेच मिळाली, पेपर कुणी विचारलाही नाही!