मानसशास्त्रातल्या पीएचडीला प्रबंध कशाला, म्हणे!

कोरी_उत्तरपत्रिका (धागाकर्ती)

दोन दिवस एक पोस्ट फिरते आहे. सार असं: 'माणसाचं मन आकड्यांत मावत नाही. मानसशास्त्राच्या पीएचडीतून प्रबंध काढा, त्याऐवजी ५०० तास समुपदेशन करून घ्या. प्रबंधापायी चांगले थेरपिस्ट वाया जातात.' खाली बदामांचा पाऊस. तिथे लिहून उपयोग नाही, म्हणून इथे.

पहिली गोष्ट, पीएचडी हा थेरपीचा परवाना नाहीच. आपल्याकडे क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून नोंदणी होते ती आरसीआयकडे (भारतीय पुनर्वास परिषद), आणि तीही आरसीआयमान्य क्लिनिकल अभ्यासक्रम केला असेल तर. नुसत्या पीएचडीवर ती होत नाही. म्हणजे 'वाया गेलेले थेरपिस्ट' मुळात चुकीच्या रांगेत उभे होते.

दुसरं, ५०० तासांचं. समजा तुमच्याकडे २० जण आले. आठ जण मध्येच यायचे थांबले. उरलेल्या १२ पैकी नऊ जणांना बरं वाटलं. तुम्ही म्हणणार ७५ टक्के यश. आलेल्या सगळ्यांवर काढा, ४५ टक्के. त्यात माणूस मदत मागायला येतो तो बहुधा सगळ्यात वाईट आठवड्यात. दीड महिन्याने प्रश्नावलीवर लक्षणांचे गुण मोजले तर काही न करताही ते थोडे उतरलेले दिसतात. हे ५०० तासांत कळत नाही, ५००० तासांतही कळत नाही. उलट आत्मविश्वास तेवढा वाढतो. तुलनेसाठी दुसरा गट का लागतो, हे स्वतः एकदा तो गट जमवताना नाकी नऊ आले की कळतं. प्रबंध त्यासाठी असतो.

शाई_संपली

मुद्दा पटण्यासारखा आहे, फक्त तुम्ही ज्या प्रबंधाबद्दल बोलताय तो कुणी लिहीत नाही. लिहिला जातो तो हा: 'महाविद्यालयीन विद्यार्थ्यांमधील भावनिक बुद्धिमत्ता, समायोजन व शैक्षणिक ताण यांचा सहसंबंधात्मक अभ्यास'. १०० मुलं, १०० मुली. तीन तयार प्रश्नावल्या, एका वर्गात एका तासात भरून घेतलेल्या. दोन सरासरींची तुलना करणारी टी-टेस्ट. मग 'शून्य परिकल्पना (म्हणजे गटांत फरक नाही हे गृहीतक) स्वीकारली'. स्वीकारली! फरक सापडला नाही आणि फरक नाही, या दोन वाक्यांतलं अंतर ज्याला कळत नाही त्याला डॉक्टर म्हणायचं.

यात दुसरा गट जमवायचा कुठे आला? नाकी नऊ येतात ते झेरॉक्सवाल्याला.

सरासरीपासून_दूर

१००-१०० ला उगाच झोडपू नका. प्रत्येक गटात १०० असतील तर ०.४ एवढा परिणाम (म्हणजे दोन सरासरींतला फरक प्रमाण विचलनाच्या ०.४ पट) खरंच असल्यास तो सापडायची शक्यता, म्हणजे पॉवर, ८० टक्के मिळते; लक्षणीयतेची पातळी ०.०५, दुतर्फी चाचणी. ०.५ चा परिणाम शोधायचा तर ६४-६४ पुरतात. घोळ पुढे आहे. मुलं आणि मुलींमधले असले फरक बहुतेकदा ०.२ च्या घरात असतात, आणि त्याला एका गटात ३९४ लागतात. म्हणजे हा प्रबंध सुरू व्हायच्या आधीच त्याचं उत्तर बहुतेक ठरलेलं: 'लक्षणीय फरक आढळला नाही'. सिनॉप्सिसमध्ये (संशोधनाच्या आराखड्यात) पॉवरचा हिशेब एका परिच्छेदात मागितला तर निम्मे विषय तिथेच गळतील. मागतं कोण?

खिडकीपाशी

२०२२ च्या यूजीसी (विद्यापीठ अनुदान आयोग) नियमावलीने काय केलं तेही बघा. आधी, २०१६ च्या नियमांत, प्रबंध सादर करण्यापूर्वी संदर्भित नियतकालिकात किमान एक शोधनिबंध आणि परिषदांत दोन सादरीकरणं लागायची. ती अट काढली. आता काय उरलं: किमान तीन वर्षं, कमाल सहा, पुनर्नोंदणी करून आणखी दोन. कोर्सवर्क किमान १२ क्रेडिटचं, त्यात ५५ टक्के. दर सहा महिन्यांनी सल्लागार समितीपुढे सादरीकरण. शेवटी मार्गदर्शक आणि किमान दोन बाहेरचे परीक्षक, मग खुली मौखिक. प्रबंध सादर होण्याआधी बाहेरच्या कुणी वाचून नाकारण्याची जी एक जागा होती तीही गेली.

शाई_संपली

ती जागा होती म्हणताय? त्या अटीमुळे पैसे घेऊन चार दिवसांत छापणाऱ्या नियतकालिकांची भरभराट झाली. अट काढली तेच बरं केलं. प्रबंध आणि शोधनिबंध दोन्ही कागद वाढवायचे धंदे.

कोरी_उत्तरपत्रिका

खोटी नाणी निघतात म्हणून नाणीच बंद करायची का? अट कडक करायची, काढायची नाही.

आणि पोस्टकर्त्याला हवी तशी पदवी जगात नाही असं थोडंच आहे. अमेरिकेत १९४९ साली बोल्डरच्या परिषदेत ठरलं की क्लिनिकल माणूस संशोधकही असला पाहिजे. ते सगळ्यांना झेपत नाही म्हणून इलिनॉय विद्यापीठाने १९६८ मध्ये सायडी (PsyD, म्हणजे प्रत्यक्ष कामासाठीची मानसशास्त्राची डॉक्टरेट) सुरू केली, १९७३ च्या व्हेल परिषदेने त्या वाटेला मान्यता दिली. सायडीत भर प्रत्यक्ष कामावर. पण तिथेही बहुतेक ठिकाणी प्रबंध किंवा प्रकल्प असतोच, लहान असतो इतकंच. ब्रिटनची क्लिनिकल डॉक्टरेट तीन वर्षांची, त्यातला बराच काळ प्रत्यक्ष विभागांमध्ये जातो, तरी संशोधन प्रबंध सुटत नाही. सगळेच मूर्ख आहेत का?

उलट_गुणांकन

मूळ प्रश्न राहू द्या. वर 'तीन तयार प्रश्नावल्या' असं कुणीतरी सहज लिहून गेलंय, खरा रोग तिथे आहे. तयार म्हणजे इंग्रजीत तयार. मराठीत कोण आणतं? संशोधक स्वतः, एका रविवारी. मग एका मित्राकडून उलट इंग्रजीत करून घ्यायचं, दोन्ही जुळलं की झालं बॅक-ट्रान्सलेशन.

जुळणं हीच गोम आहे. इंग्रजी विधान आहे की मला पोटात फुलपाखरं उडाल्यासारखं वाटतं, म्हणजे धास्तीने पोटात कसंतरी होतं. शब्दशः मराठी करा, 'माझ्या पोटात फुलपाखरं उडतात'. मित्र परत इंग्रजीत नेणार, हुबेहूब मूळ वाक्य. पैकीच्या पैकी. आणि उत्तर देणाऱ्या मुलीला वाटणार की हे प्रेमात पडण्याबद्दल विचारतायत. तिने 'नेहमी' वर खूण केली की तुमच्या हिशेबात ती चिंताग्रस्त.

आता 'पोटात गोळा येतो' लिहा. परत इंग्रजीत नेलं की ते पोटातला गोळा होतं, मूळाशी जुळत नाही, समिती म्हणते भाषांतर चुकलं. खरं भाषांतर नापास, खोटं पास.

आडवी_मात्रा

'पोटात गोळा येतो' पण बरोबर नाही हो. गोळा येतो तो एकदम, काहीतरी ऐकलं-पाहिलं की. मूळ विधान परीक्षेच्या आधी तासभर चाललेल्या अस्वस्थतेचं आहे. तिथे 'धाकधूक'.

उलट_गुणांकन

धाकधूक ही मनाची अवस्था झाली. ते विधान शारीरिक लक्षणांच्या उपगटातलं आहे. 'धाकधूक वाटते' लिहिलंत की ते काळजीच्या उपगटात जाऊन बसतं. मग फॅक्टर अ‍ॅनालिसिसमध्ये (कोणती विधानं एकत्र बसतात ते पाहायच्या गणितात) ते एक विधान भलत्याच घटकात बसलेलं दिसतं आणि प्रबंधात लिहितात, 'मराठी नमुन्यात चिंतेची संरचना वेगळी आढळली'. संरचना नाही हो वेगळी, शब्द चुकलाय.

आडवी_मात्रा

मग 'पोटात कालवतं' लिहा.

खिडकीपाशी

कालवतं ते मळमळीलाही आणि दुःखानेही.

आडवी_मात्रा

तुम्हाला एकही शब्द चालणार नसेल तर चिंता इंग्रजीतूनच करूया सगळ्यांनी.

उलट_गुणांकन

चिडू नका. शब्द बसून ठरत नाही, माणसांना विचारून ठरतो. दोघांनी स्वतंत्र भाषांतर करायचं, तिसऱ्याने दोन्ही समोर ठेवून एक करायचं, ज्याने मूळ पाहिलेलंच नाही अशाने उलट न्यायचं. मग आठ-दहा जणांना एकेकाला बसवून विचारायचं, 'हे वाक्य तुमच्या शब्दांत सांगा, तुम्ही हेच उत्तर का निवडलंत?' फुलपाखरं इथे पकडली जातात, आधीच्या कुठल्याच पायरीत नाही. नेमकी हीच पायरी गाळतात, कारण ती तक्त्यात दाखवता येत नाही. आणि या सगळ्याच्या आधी मूळ प्रश्नावलीच्या हक्कधारकाची लेखी परवानगी, जी शेवटच्या वर्षी आठवते.

पर्यायांची तऱ्हा तर विचारू नका. 'कधीकधी, काही वेळा, अधूनमधून' असे तीन पर्याय एकाच पट्टीवर चढत्या क्रमाने छापलेले असतात. यातलं जास्त कोणतं? आणि विधान 'मला झोप लागायला त्रास होत नाही', पर्याय 'कधीच नाही'. चांगली झोपणारीही त्यावर खूण करते आणि न झोपणारीही.

सरासरीपासून_दूर

ते नकारार्थी विधान पुढे काय करतं तेही सांगतो. पाच गुणांची पट्टी असेल तर उलट विधानाचे गुण सहामधून वजा करायचे, १ चे ५, ४ चे २. हे विसरलं की ते विधान बाकीच्यांशी उलट्या दिशेने जातं, क्रॉनबाख अल्फा (विधानं एकमेकांशी किती जुळतात याचा आकडा) घसरतो. सॉफ्टवेअर शेजारीच दाखवतं, 'हे विधान काढलं तर अल्फा इतका'. संशोधक खूश होऊन विधान काढून टाकतो. उलटवायचं सोडून काढलं! अशी पाच काढली की उरतात फक्त होकारार्थी, आणि ज्याला सगळ्याला हो म्हणायची सवय आहे तो गुणांत पहिला.

मग शेवटी अभिमानाने अल्फा ०.९१. विधानं किती? ४०. विधानांमधला सरासरी सहसंबंध नुसता ०.२ असला तरी दहा विधानांना अल्फा ०.७१ येतो, वीसना ०.८३, चाळीसना ०.९१. विधानं वाढवली की तो वाढतोच. त्यातून सगळी विधानं एकच गोष्ट मोजतात हे अजिबात सिद्ध होत नाही. मौखिकीत हा एक प्रश्न विचारून बघा.

शाई_संपली

धागाकर्तीबाई, वाचताय ना? तुमच्याच बाजूचे लोक सांगतायत की शब्द चुकलेले, गुण चुकलेले, अल्फा फुगवलेला. आणि हे वाचवायचंय तुम्हाला. त्यापेक्षा ५०० तास एखाद्या माणसाचं ऐकलेलं काय वाईट?

कोरी_उत्तरपत्रिका

वाचतेय. आणि हे लोक हे सांगू शकतायत ते कशामुळे? समुपदेशनाच्या तासांमुळे? थेरपिस्टही हीच प्रश्नावली पहिल्या भेटीत पुढे सरकवतो आणि गुण बघून 'तीव्र' म्हणून टाकतो. फुलपाखरांवर खूण केलेली मुलगी त्याच्याचकडे बसलेली असते. त्याला हे ओळखता यायला नको?

शाई_संपली

यायला हवं. हे मान्य, लिहून घ्या, पुन्हा म्हणणार नाही. पण त्यासाठी ३०० पानं कशाला? त्यातली १२० पानं 'पूर्व संशोधनाचा आढावा', म्हणजे अमक्याने असं म्हटलं, तमक्याने तसं म्हटलं. एकच प्रश्नावली धडपणे मराठीत आणा, ती सगळ्या पायऱ्यांतून न्या, विदा (डेटा) आणि विश्लेषणाची फाइल खुली ठेवा. ८० पानं. द्या पदवी.

खिडकीपाशी

'नवीन ज्ञानात भर' कुठे आहे, असं विचारून परत पाठवतील.

सरासरीपासून_दूर

नवीनच्या हव्यासाने काय झालं ते २०१५ मध्ये दिसलं की. मानसशास्त्रातले प्रसिद्ध झालेले १०० अभ्यास पुन्हा करून पाहिले. मूळ अभ्यासांपैकी ९७ टक्क्यांत निकाल लक्षणीय होता, पुन्हा केल्यावर ३६ टक्क्यांत. जुनाच अभ्यास पुरेशा नमुन्यावर, परिकल्पना आणि विश्लेषण आधी नोंदवून पुन्हा करणं हाही प्रबंध धरा. पीएचडीच्या पहिल्या वर्षी करता येण्यासारखं, आणि उपयोगी.

कोरी_उत्तरपत्रिका

८० पानांना माझा विरोध नाही. १०० मुलं-१०० मुलींचा प्रबंध वाचवायला मी जाणार नाही, तो बुडाला तर बुडू दे. पण पोस्टमध्ये 'प्रबंध काढा' आहे, 'सुधारा' नाही. त्या बदामवाल्यांपैकी एकाने तरी हा फरक केला का?

शाई_संपली

बदाम देणाऱ्यांकडून एवढी अपेक्षा ठेवणाऱ्याला आधी थेरपीची गरज आहे.

आडवी_मात्रा

ते चालू द्या. मी मघाशी घरात चौघांना विचारलं, 'कधीकधी' जास्त की 'अधूनमधून'. दोन-दोन. आता 'पोटात कालवतं' विचारायला जाते.