मदत हवी आहे: फाइल खरंच करप्ट झालीय की मुद्दाम केलीय?

नमस्कार मंडळी,

मी तालुक्याच्या कॉलेजात शिकवते. टीवायच्या प्रोजेक्ट रिपोर्टची मुदत रविवारी रात्री १२ ला संपली. ११:५५ ला एकाची वर्डची फाइल आली, ती उघडतच नाही. पोरगा म्हणतो, "मॅडम, सेव्ह करताना लाइट गेली." आता लाइट आमच्याकडे जातेच, त्यामुळे तोंडावर खोटं म्हणवत नाही. पण स्टाफरूममध्ये ऐकलंय की मुदत मारून न्यायला बिघडवलेल्या फायली नेटवर आयत्या मिळतात. दोन वर्षांपूर्वी एका मुलीवर असाच संशय घेतला आणि तिचा पेनड्राइव्ह खरोखर मेलेला निघाला. ते अजून खुपतं.

वर्डचं 'ओपन अँड रिपेअर' झालं, लिबरऑफिस झालं, काही उपयोग नाही. साइज १८० केबी. शेवटी नोटपॅडमध्ये उघडली, तर सगळा गिचमिड मजकूर, फक्त पहिल्याच ओळीत 'जेएफआयएफ' ही चार इंग्रजी अक्षरं वाचता येतात. कुणाला यातलं कळतं का?

प्रतिसाद १:
मॅडम, डॉकएक्स (वर्डच्या फाइलचा प्रकार) म्हणजे आतून झिप फाइल, बऱ्याच फायली दाबून बांधलेलं एक गाठोडं. नोटपॅडमध्ये तिची सुरुवात 'पीके' या अक्षरांनी होते (झिप काढणाऱ्या फिल कॅट्झची आद्याक्षरं). लाइट गेल्यावर बिघडलेली फाइल वेगळी दिसते: साइज बरोबर, पण आत नुसती शून्यं, म्हणजे नोटपॅडमध्ये कोरं पान. अपलोड अर्धवट तुटलं असेल तर सुरुवातीला पीके असतं, शेवट गायब. झिपची अनुक्रमणिका शेवटी असते, म्हणून तीही उघडत नाही. पण त्यातला मजकूर बऱ्याचदा वाचवता येतो. जेएफआयएफ ही जेपीजीची खूण, म्हणजे तुमच्याकडे आहे तो सरळ जेपीजी फोटो. नावाचं शेपूट बदललंय. कॉपी करून तिच्या नावात डॉकएक्सच्या जागी जेपीजी लिहा, उघडेल.

प्रतिसाद २:
लगेच फासावर चढवू नका हो. नाव बदललं की फाइलचा प्रकारही बदलतो असं मानणारी मुलं दरवर्षी भेटतात. कॅमेऱ्यातल्या मूळ फोटोत बहुतेकदा 'एक्झिफ' (कॅमेऱ्याने जोडलेल्या माहितीची खूण) दिसतं. जेएफआयएफ आहे म्हणजे व्हॉट्सॲपवरून फिरून आलेला असू शकतो. त्याला त्याच्याच लॅपटॉपवर मूळ फाइल दाखवायला सांगा. खरंच लिहिलं असेल तर वर्डच्या ऑटोरिकव्हरीत (वर्ड आपोआप ठेवतं त्या प्रतींत) काहीतरी सापडेल. आणि तोवर त्या लॅपटॉपवर नवीन काही सेव्ह करू देऊ नका, असलेलं पुसलं जाऊ शकतं.

धागाकर्ती:
दोघांचेही आभार. नाव बदलून उघडली. हाताने लिहिलेल्या मुखपृष्ठाचा फोटो आहे, मार्गदर्शक म्हणून माझं नाव, तेही चुकलेलं. लाइटचा आणि याचा काय संबंध ते उद्या विचारते. उरलेली पानं कुठायत, हेही. लॅपटॉप घेऊन यायला सांगितलंय.