मदत हवी आहे : गोधडीच्या ब्लॉकमधील तुकड्यांचा क्रम कसा राखावा?

नमस्कार. मी ठाण्यात घोडबंदर रस्त्यालगत राहते आणि जुन्या सुती साड्यांची चौकटीची गोधडी मशीनवर शिवत आहे. अडीच इंची नऊ चौकोन पाव इंचाच्या शिवणीने जोडले की साडेसहा इंचांचा ब्लॉक होतो. हा हिशेब सोपा आहे, अडचण आहे ती मांडणीची. पलंगावर मांडलेले तुकडे मशीनपर्यंत नेताना त्यांचा क्रम बदलतो, पंखा लावावा तर ते उडतात, आणि न लावावा तर इथल्या दमट हवेत बसवत नाही. दोरा न तोडता जोड्या सलग शिवल्यास वेळ बराच वाचतो, मात्र नंतर कोणती जोडी कोणत्या ओळीतली हे उलगडत नाही. खडूची खूण हाताळून पुसली जाते, तर चिठ्ठी टाचून ठेवल्यास पावसाळ्यात टाचणीचा गंज कापडावर उतरतो. शिवाय लगतच्या ओळींच्या शिवणी विरुद्ध बाजूंना दुमडून इस्त्री करायच्या असल्याने ओळीचा क्रमांक शेवटपर्यंत दिसत राहणे आवश्यक आहे.

आपण तुकडे ओळीनुसार कशात ठेवता? भाड्याच्या घरात भिंतीला खिळे न ठोकता फ्लॅनेलचे (सुती तुकडे न टाचता ज्याला चिकटून राहतात असे लवदार) कापड टांगून त्यावर मांडणी करता येईल का, आणि असे रुंद पन्ह्याचे फ्लॅनेल जांभळी नाक्याच्या बाजारात मिळते का, हे कृपया कळवावे.