क्वेंटिनला रुग्णवाहिकेत घातल्यानंतर काय?

नौपाडेकर:
मुलग्यांवरील लैंगिक अत्याचाराची वेदना भयपटांनीच धैर्याने मांडली, असे वाशीच्या सभासदांनी काल लिहिले आणि २०१० च्या 'अ नाइटमेअर ऑन एल्म स्ट्रीट'चा दाखला दिला. मला हे मुळीच पटत नाही. १९८४ च्या मूळ चित्रपटातला खलनायक फ्रेडी मुलांचा खुनी होता. २०१० मध्ये तो बालवाडीतल्या मुलांवर अत्याचार करणारा झाला आणि पीडितांत क्वेंटिन हा मुलगाही आला, एवढे खरे. परंतु मुले तेव्हा खोटे बोलली असतील का, या संशयावर चित्रपट बराच वेळ ताणला आहे. ज्याचे घरच्यांनीही ऐकले नाही, त्याला तिकीट काढून पुन्हा तोच संशय ऐकावा लागतो.

वाशीकर:
आपण चित्रपट नीट पाहिला आहे का? तो संशय खुद्द क्वेंटिनच घेतो. स्वतःवर काय घडले हे न आठवणारा मुलगाच आरोपीची बाजू घेतो, कारण काही घडलेच नाही असे मानणे त्याला सोसवते.

ऐरोलीची वाचक:
पडद्याचे राहू द्या. केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाच्या २००७ च्या पाहणीत लैंगिक अत्याचार झाल्याचे सांगणाऱ्या मुलांत निम्म्याहून अधिक मुलगे होते. बालकांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणारा २०१२ चा पोक्सो कायदा मुलगा-मुलगी भेद करत नाही. पण १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत, पुरुषावरील लैंगिक जबरदस्तीही ज्यात येई ते जुने ३७७ कलम नाही आणि बलात्काराची व्याख्या स्त्रीपुरतीच आहे. अठरा वर्षांवरील पुरुषाने बलात्काराची तक्रार कोणत्या कलमाखाली नोंदवायची?

नौपाडेकर:
आपला संताप रास्त आहे, पण मी भयाविषयी बोलतो आहे. अकराव्या वर्षी शिकवणीच्या खोलीत माझ्यावर हे घडले. बाकीची मुले गेल्यावर सर बाहेरून येत आणि खाली स्कूटर स्टँडवर चढवल्याचा 'खट्' असा आवाज होई. आजही राम मारुती रस्त्यावर तो आवाज कानी पडला की माझ्या तळहातांना घाम फुटतो. त्यात ना फ्रेडीचा पात्यांचा पंजा, ना रक्त.

वाशीकर:
माझा पहिला प्रश्न मी मागे घेतो. पुरावा हाती लागेपर्यंत मुलांचे खरे न मानणे हा या चित्रपटाचा दोष आहे, हेही कबूल. तरीही तो 'खट्' प्रेक्षकाच्या अंगावर आणण्याची ताकद भयपटातच आहे, हे माझे मत कायम आहे.

नौपाडेकर:
आवाजापुरते आपले म्हणणे मला नाइलाजाने मान्य करावे लागेल. पण शेवट आठवा. जखमी क्वेंटिनला रुग्णवाहिकेत घालतात आणि कॅमेरा अखेरच्या धक्क्यासाठी नायिका नॅन्सीबरोबर तिच्या घरी जातो. क्वेंटिनकडे परत कोणी जात नाही.