गरोदर बाईचा आहार विचारायचा कसा? सगळ्याजणी ‘भाकरी, भाजी, आमटी, भात’च सांगतात

आहारशास्त्र_विद्यार्थिनी:
उपकेंद्रात येणाऱ्या, पाचव्या महिन्यापुढच्या बायकांचा मागच्या 24 तासांतला आहार नोंदवतेय. काय खाल्लं विचारलं की सगळ्यांचं उत्तर तेच. घराघरांत वाट्याही वेगळ्या. कागदावर आहार उत्तम दिसतो आणि हिमोग्लोबिन 9 च्या खाली. कुठे चुकतंय?

पर्यवेक्षिका_ग्रामीण:
पदार्थ विचारू नका, दिवस विचारा. उठल्यावर काय केलं, चहा कधी घेतला, सोबत काही होतं का, शेतावर डबा नेला का, रात्री कोणाबरोबर जेवलात. एकदा सगळं ऐकून घ्या. मग पुन्हा पहिल्यापासून जाऊन प्रमाण विचारा. मधे खाल्लेले शेंगदाणे, पेरू, दुकानातला पुडा या दुसऱ्या फेरीतच निघतात.

वाटी तिच्या घरचीच घ्या, पाण्याने भरा आणि ते पाणी मोजपात्रात ओता. भाकरी मोजताना एका भाकरीला ती घेते तेवढं कोरडं पीठ काढायला सांगा आणि ते वजनकाट्यावर ठेवा. भाजलेल्या भाकरीत पाणी किती राहिलंय ते कळत नाही. ताटात उरलेलं वजा करायचं विसरू नका.

आणि सासूबाई शेजारी असतील तर ‘पोटभर जेवते हो’ हेच उत्तर मिळणार. मुलाखत एकटीची घ्या.

तूरडाळ:
तुमचा घोटाळा बहुधा आमटीत आहे. पोषणमूल्यांच्या तक्त्यात एक वाटी म्हणजे 30 ग्रॅम कच्ची डाळ धरली असेल, तर सुमारे साडेसहा ग्रॅम प्रथिनं येतात. पण 6 माणसांच्या आमटीला 120 ग्रॅमच डाळ पडली असेल तर वाट्याला 20 ग्रॅम, म्हणजे साडेचारच्या आत. त्यातही ती शेवटी जेवत असेल तर पातेल्यात वरचं पाणीच उरलेलं असतं. म्हणून कच्ची डाळ किती, शिजल्यावर आमटी किती वाट्या झाली, तिने त्यातल्या किती घेतल्या, हे तीन आकडे घ्या. तेलाचं तसंच: ताटावरून अंदाज करू नका, महिन्याचं तेल आणि जेवणारी माणसं विचारा.

गट_मोजणारा:
वजनांइतकीच विविधताही बघा. धान्य-कंद, डाळी, दूध, पालेभाज्या अशा 10 अन्नगटांपैकी दिवसात किमान 5 हवेत. 15 ग्रॅमपेक्षा कमी खाल्लं तर तो गट धरायचा नाही, त्यामुळे वरून भुरभुरलेली कोथिंबीर पालेभाजी ठरत नाही. बटाटा भाजीत नाही, धान्य-कंदांच्या गटात जातो. मात्र हे माप गावाचं चित्र दाखवायला आहे, एका बाईवर शिक्का मारायला नाही.

तिच्यासाठी आठवड्यातून किती वेळा पालेभाजी, फळं, दूध, हे वेगळं विचारा. पुण्याजवळच्या 6 गावांत 1994 ते 96 मध्ये नोंदवलेल्या गर्भवतींच्या अभ्यासात बाळाच्या जन्मवेळच्या आकाराशी संबंध दिसला तो याच पदार्थांचा. एकूण उष्मांक-प्रथिनांचा नाही.

पर्यवेक्षिका_ग्रामीण:
हिमोग्लोबिनबद्दल: आहाराच्या फॉर्ममध्ये नसलेले प्रश्न घाला. लोहाची गोळी चहाबरोबर घेते का? कॅल्शियमची गोळी त्याच वेळी घेते का? दोन्हींत दोन तासांचं अंतर हवं. माती, खडू, कच्चे तांदूळ खाते का? ‘खात नाही ना?’ असं विचारलंत तर नाहीच म्हणेल. ‘काहीजणींना या दिवसांत मातीचा वास आवडतो, तुम्हाला?’ असं विचारा. मिश्री (भाजलेली तंबाखू) लावते का तेही. अंगणवाडीचं पाकीट तिच्याच पोटात जातं की घरभर वाटलं जातं? आणि सगळं ठीक असूनही रक्त कमीच असेल तर आहाराला दोष देत बसू नका; जंत आणि सिकलसेल (रक्ताचा आनुवंशिक आजार) तपासायचे राहून गेलेत का, डॉक्टरांना विचारा.

आहारशास्त्र_विद्यार्थिनी:
नेमका चतुर्थीचा उपवास असेल तर तो दिवस बाद करू का?

तूरडाळ:
नाही, ‘उपवास’ लिहून ठेवा. महिन्यातून चार-पाच उपवास करत असेल तर तोही तिचा आहारच आहे. त्याच बाईची दुसरी नोंद लगेच दुसऱ्या दिवशी नको, काही दिवस जाऊ द्या. आणि दर वेळी आठवडी बाजारानंतर लगेच जाऊ नका, त्या दोन दिवसांत प्रत्येक घरात भाजी असते.